एक चाक वर

मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे, टायरवाल्यांच्या ओळीमागे कुंडलिक घाडींचं गॅरेज होतं, आणि पिकअपवाल्यांत त्यांच्या हातापेक्षा त्यांच्या कानाचं नाव मोठं होतं. मागून आवाज येतोय अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते फार विचारपूस करत नसत. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, मालकालाच सीटवर बसवायचं, हँडब्रेक सोडायला लावायचा, इंजिन चालू, तिसरा गिअर. मग स्वतः गाडीखाली सरकायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या अ‍ॅक्सलला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि म्हणायचं, "सोड." मालक क्लच सोडायचा, उचललेलं चाक हवेत गरगरायचं, आणि खालून निकाल यायचा. डावं बेअरिंग गेलंय. किंवा काही झालेलं नाही, चहा पी आणि घरी जा.

हा निकाल कधी चुकला असं कुणाला आठवत नाही. पद्धतही बिनघोर होती, कारण साध्या गाडीत एक चाक मोकळं झालं की इंजिनाचा सगळा जोर त्या मोकळ्या चाकाकडे पळतो आणि जमिनीवरचं चाक गप्प बसून राहतं. चिखलात गाडी रुतते तीही याचमुळे. एक चाक जागच्या जागी भिरभिरतं, दुसरं ढिम्म हलत नाही.

निलेश त्यांचा सख्खा भाचा. कणकवलीहून आला तो याच गॅरेजात शिकला, याच घरात जेवला आणि याच घरातून भांडून निघाला. भांडण तसं साधंच होतं. निलेशला गाड्यांत बदल करायचे होते, गिअरचा रेशो बदलून जड माल ओढणाऱ्या गाड्या करायच्या होत्या. मामांचं म्हणणं, कंपनीने काढलेल्या गाडीला आपण शहाणपण शिकवू नये. एक शब्द निलेश जास्त बोलला, दोन मामा जास्त बोलले, आणि निलेशने घाटकोपरला आपलं दुकान थाटलं. त्यानंतर दोन वेळा गणपती येऊन गेले, पण भाचा मामाच्या घरी आरतीला उभा राहिला नाही. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, की हे बोलणं बंद होण्यापेक्षा वाईट.

आणि हरेश्वर कोळी नेमका या दोघांच्या मध्ये सापडला. भांडुपच्या खाडीकडे त्याचं घर, मासळीचा धंदा, आणि पिकअप कायम मामांच्या हातची. पण ओहोटीला होडीतून माल उतरवून घ्यायला गाडी खाली न्यावी लागे, आणि बर्फ-मासळीने भरली की ती चढावर रुतून बसे. मासळी काही वाट बघत नाही. शेवटी कंटाळून तो निलेशकडे आला.

निलेशने काम झकास केलं, त्यात वाद नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असतं ते डिफरन्शियल बदलून त्याने लिमिटेड स्लिपवालं बसवलं. आता एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळणार होता. शिवाय क्राउन-पिनियनची दातेरी जोडी बदलून रेशो असा केला, की गाडी थोडी हळू पळेल पण अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, नुसत्या क्लचवर चढ चढेल. पहिल्याच ओहोटीला हरेश्वरची गाडी भरल्या पोटी चिखलातून वर आली, तेव्हा बायकोने, कमळने, गाडीसमोर नारळ फोडला होता.

अशा गाडीचं एकच चाक उचलून ती गिअरमध्ये चालवायची नसते. जमिनीवरचं चाक गप्प बसत नाही, ते गाडी घेऊन निघतं. निलेशला हे माहीत होतं. म्हणून काम संपल्यावर त्याने पिवळ्या रंगाचा डबा उघडला होता. दोन्ही चाकं उचला, एवढं त्याला अ‍ॅक्सलवर लिहायचं होतं. हरेश्वरने त्याचा हात धरला.

"नको रे बाबा. ग्रीसिंगला मामांकडेच जातो मी. खाली शिरले की पयलं तेच वाचतील. वाईट वाटेल त्यांना, दुसऱ्याचा हात लागला म्हणून. आणि तो पण तुझा."

निलेशने एवढंच म्हणायला हवं होतं, की वाईट वाटू दे. पण त्यालाही ते नको होतं. मामाशी भांडायचं त्याला जमत होतं, मामाचं मन दुखवायचं मात्र जमत नव्हतं. म्हणून त्याने हरेश्वरला सांगितलं, की ग्रीसिंग करून घे, पण मागच्या अ‍ॅक्सलचं काही निघालं तर माझ्याकडेच ये. हरेश्वरने मान डोलावली. का, ते निलेशने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. डब्याचं झाकण लागलं. आपल्याकडे मान राखणं म्हणतात ते हे असं असतं, आणि मला विचाराल तर निम्मी घरं त्यानेच मोडली आहेत.

थोड्या दिवसांनी हरेश्वरचा फोन आला. गाडी हळू वळवताना मागे कटकट वाजते. त्या डिफरन्शियलच्या चकत्यांना वेगळं ऑइल लागतं, ते न घातल्यामुळे वाजत असणार, हे निलेशला कळलं. ऑइल मागवलंय, चार दिवस चालव, घाबरू नको, असं सांगून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. हरेश्वर घाबरला नाही. पण कमळ घाबरली. रोज पहाटे ती त्याच गाडीत शेजारी बसायची, आणि वळणावळणाला तो आवाज आला की दाराची मूठ घट्ट धरायची.

शनिवारी सकाळी ऑइल आलं. निलेशने हरेश्वरला फोन लावला. तो कमळने उचलला.

"ते फोन घरी विसरून गेलेत," ती म्हणाली. "मीच पाठवलं त्यांना, मुलुंडला मामांकडे. एकदा त्यांनी आवाज ऐकला की माझा जीव शांत. आणि तुमचं नाव नाय घेणार ते. बजावलंय मी. कायपन झालं तरी नाय घेणार, तुम्ही काळजी करू नका."

निलेशच्या हातातला ऑइलचा डबा बाकावर ठेवायचाही राहिला. कधी निघाले, विचारलं तर ती म्हणाली, मघाशीच. पोचले असतील आता.

त्याने मामांचा नंबर लावला. दोन रिंग झाल्या आणि पलीकडून फोन कापला गेला. भाच्याचं नाव दिसल्यावर मामा दुसरं काय करणार होते? त्याने पुन्हा लावला. या वेळी रिंग वाजत राहिली, वाजतच राहिली. मामा फोन टेबलावर कधी ठेवतात ते त्याला पाठ होतं. गाडीखाली शिरताना ठेवतात. शेजारच्या टायरवाल्या श्यामसुंदरला हाक मारायला सांगावं म्हटलं, तर त्याचा नंबर भांडणाच्या रागात त्यानेच उडवला होता.

बाइकला किक मारून तो निघाला. घाटकोपर ते मुलुंड हा रस्ता त्याने हजारदा कापला असेल, पण त्या सकाळी एलबीएस रोडने त्याला जागोजागी अडवून धरलं. कांजूरला खोदकाम. भांडुपला एका शाळेची बस आडवी. तो हॉर्नवर अंगठा दाबून होता आणि डोक्यात मामांच्या हालचाली एकामागून एक चालल्या होत्या. आता मामांनी चष्मा काढला असेल. आता पुढच्या चाकाला दगड लावला असेल. त्या दगडाने साधी गाडी अडते, ही अडणार नाही. नवीन रेशोने ही गाडी बंदसुद्धा पडणार नाही, चढावर चढते तशी मुकाट पुढे जाईल. आपण तिला तेच शिकवलंय. तो स्वतःला शिव्या घालत होता, मोठ्याने, आणि शेजारचा रिक्षावाला त्याच्याकडे बघत होता.

नाहूरचा पूल मागे पडला तेव्हा त्याला वाटलं, कदाचित मामा चहाला गेले असतील. कदाचित आधी दुसऱ्या कुणाची गाडी असेल. माणूस काय काय वाटून घेतो.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर मागे येत होता. निलेशने बाइक तिथेच टाकली आणि धावला. गॅरेजचं पत्र्याचं फाटक उघडं होतं. त्याने सगळं एका नजरेत बघितलं, आणि पुढे जन्मभर ते त्याला तसंच दिसणार होतं. पिकअप उभी, इंजिन चालू. सीटवर हरेश्वर, शहाण्या मुलासारखा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. मागचं डावं चाक वर उचललेलं. त्याखाली जॅक, फरशीवर ताठ सरळ, एक सूतही इकडेतिकडे नाही. मामांच्या हातचा जॅक तसाच लागायचा. आणि गाडीखालून बाहेर आलेले मामांचे पाय.

निलेश ओरडायला तोंड उघडतो तोच खालून मामांचा आवाज आला. "सोड."

मामा म्हणाले म्हणून हरेश्वरने सोडला.

गाडी पुढे निघाली. दगड तेलकट फरशीवर घसरत गेला. गाडी जेमतेम हातभर सरकली असेल, पण जॅक आडवा व्हायला तेवढं पुरे होतं.

हरेश्वरने ब्रेक दाबला, निलेशने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. टायरवाले धावत आले, सगळ्यांनी खांदा लावून गाडी उचलून धरली आणि निलेशने मामांना बाहेर ओढलं. उजवा हात कोपराखाली पाहवत नव्हता. हरेश्वर नुसता एकच वाक्य घोकत होता. ते सोड म्हणाले, मी सोडलं. ते सोड म्हणाले, मी सोडलं.

मामा वाचले. बरगड्या मोडल्या होत्या, त्या जुळतील असं डॉक्टर म्हणाले. हाताचं मात्र त्यांनी वाचवता येईल तेवढं वाचवलं, म्हणजे कोपरापर्यंत. पोलिसांनी विचारलं तेव्हा हरेश्वरने सांगितलं, जॅक सरकला. ते खोटंही नव्हतं. जॅक का सरकला, हे कुणी विचारलं नाही, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या आत काय आहे हे बघायला कुणी गेलं नाही.

निलेशने सांगायचं ठरवलं होतं. मामा बोलायला लागले की पहिलं हेच सांगायचं, मग त्यांनी जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल. त्याच तयारीने तो वॉर्डात गेला. खाटेच्या एका बाजूला मामी होती. दुसऱ्या बाजूला हरेश्वर आणि कमळ, दोघांच्याही चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. भाच्याला बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भांडणाबद्दल काहीच बोलले नाहीत.

"झिला," ते म्हणाले, "इतकी वर्सां चाक उचललंय. कधी असा झाला नाय. मी पडल्या पडल्या इचार करतंय. जॅक माझ्याकडनाच वाकडो लागलो आसतलो. दुसरा काय नाय." ते थांबले, श्वास पुरेना. "तू इलंस तेव्हा बघितलंस मां? खरा सांग. वाकडो होतो मां?"

कमळने निलेशकडे बघितलं. हरेश्वरने नजर खाली घातली. मामी पदर तोंडाशी धरून उभी होती. निलेशला तो जॅक दिसला, फरशीवर ताठ सरळ. खरं काय ते जिभेवर होतं. ते बोललं की हरेश्वर गेला, घाटकोपरचं दुकान गेलं, कदाचित पोलीस, कदाचित कोर्ट. आणि न बोललं तर या म्हाताऱ्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जाणार होता, जो त्याने उभ्या आयुष्यात कमावला होता.

"होय मामा," निलेश म्हणाला. "थोडो वाकडो होतो."

मामांनी डोळे मिटले. मग त्यांनी उरलेला डावा हात चादरीबाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला आणि परत आत घेतला.

"तरीच," ते म्हणाले. "हातच गेलो होतो माझो, आधीच. माका कळाक नाय." आणि मग हरेश्वरकडे मान वळवून त्यांनी त्याची माफी मागितली.