निळ्या शर्टातला माणूस

गोपीनाथ ठोसरांनी मुलीला पहिली थप्पड मारली, तेव्हा काय झालंय हे तिला विचारलंसुद्धा नव्हतं. शनिवारची दुपार होती. तुलसी नगरच्या क्वार्टरमागे ते मोटरसायकल दुरुस्त करत होते आणि आठवीतल्या केतकीचा फोन शेजारच्या ओट्यावर वाजला. हिंदीत मेसेज होता. पाच वाजता बिट्टन मार्केटला ये, भाजीबाजाराच्या तोंडाशी, मी निळ्या शर्टात असेन. नाही आलीस तर फोटो तुझ्या पप्पांना पाठवतो.

दुसऱ्या थपडेला केतकी भिंतीवर आपटली आणि तिच्या डाव्या कानातून रक्त आलं. केतकीची आई मंजूषा मध्ये पडली, तर त्यांनी तिलाही ढकललं. कपाटाच्या कोपऱ्यावर तिची भुवई फाटली. मग हातातल्या लोखंडी पान्यानं त्यांनी फोनचा चुरा केला. केतकी रडत सांगू पाहत होती की, गेममध्ये ओळख झालेली विनिता नावाची मुलगी म्हणजे खरं तर एक पुरुष आहे, आपल्या शाळेतल्या फोटोवरून त्यानं घाणेरडा फोटो बनवलाय. गोपीनाथांनी यातलं काही ऐकलं नाही. पाना घेऊन ते निघाले.

बाजाराच्या तोंडाशी निळ्या शर्टातला एक तरुण मेथी निवडत होता. गोपीनाथांनी मागून त्याच्या खांद्यावर पाना हाणला. तो पडला, तोंड वाचवायला त्यानं हात वर केला, तर त्याच हातावर आणखी दोनदा. हाड मोडल्याचा आवाज भाजीवाल्यांनाही ऐकू आला. "भैया, मैंने किया क्या है?" एवढंच तो विचारत राहिला.

त्याचं नाव आशय. केतकी कोण, हेही त्याला माहीत नव्हतं. ज्याच्यासाठी गोपीनाथ आले होते, तो समोरच्या चहाच्या ठेल्यावरून सगळं पाहून निघून गेला. गोपीनाथांना पोलिसांनी नेलं.

इकडे मंजूषा केतकीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारल्यावर केतकी म्हणाली, जिन्यावरून पडले.

"नाही," मंजूषा म्हणाली. "हिच्या वडिलांनी मारलंय."

तिथून त्या दोघी सायबर पोलिसांकडे गेल्या. फोन फोडायला नको होता, असं तिथल्या बाई म्हणाल्या. पण केतकीला पासवर्ड पाठ होता. आईच्या फोनवर तिनं खातं उघडलं. त्याच्या सगळ्या धमक्या तिथं जशाच्या तशा होत्या. बाराव्या दिवशी पोलिसांनी शिवाजी नगरातून एका सव्वीस वर्षांच्या माणसाला उचललं. त्याच्याकडे आणखी चार मुलींचे फोटो निघाले.

गोपीनाथ जामिनावर सुटले. खटला चालू आहे. आशयची तीन बोटं अजून वळत नाहीत. गोपीनाथ माफी मागायला गेले, तर त्याच्या आईनं दार उघडलं नाही.

त्या संध्याकाळी ते केतकीसमोर येऊन बसले. तिला आता डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही, म्हणून ते उजवीकडे सरकले. ती आक्रसली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने तो धमकावत होता, बाबा. मला त्याची भीती वाटायची. पण तुमची जास्त वाटायची."

मंजूषा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये बसली.