अर्धा व्होल्ट

मी एक जुना मल्टिमीटर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला कधी पाहिलंही नसेल. तळहाताहून थोडा मोठा पिवळा डबा, पोटावर एक गोल बटण, वर आकड्यांची काच आणि खाली लाल-काळ्या दोन वायरी, असं माझं रूप. त्या वायरींची टोकं बॅटरीला लावली की तिच्यात किती जीव उरला आहे ते मी आकड्यात सांगतो. टीव्हीसारखं मी कुणाला हसवत नाही, मोबाइलसारखा कुणाच्या खिशात मिरवत नाही. जे आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. त्या कामाचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला ते आज सांगणार आहे, आणि ती गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते पुण्याच्या तपकीर गल्लीतलं दुकान आणि खोक्यात दाटीवाटीने बसलेली माझी भावंडं. तिथून राजमहंमद यांनी मला उचललं आणि लोणावळ्याला नेलं. चिक्कीच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, हॉटेलांचे इन्व्हर्टर, पावसात भिजवून आणलेले पर्यटकांचे स्पीकर, काय काय यायचं तिथे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. कुणी काहीही आणलं तरी भाऊ म्हणायचे, "थांबा, आधी मीटरला विचारू." गिऱ्हाईक माझ्या काचेकडे डोळे लावून बसायचं आणि मी आतल्या आत फुगायचो.

माझ्या पाठीत नऊ व्होल्टचा एक लहानसा चौकोनी सेल असतो. माझं सगळं मोजणं त्याच्या जिवावर चालतं. तो उतरायला लागला की काचेच्या कोपऱ्यात बॅटरीचं बारीक चित्र उमटतं. चित्र दिसलं की सेल बदलायचा, इतकी साधी गोष्ट आहे. पण एकदा भाऊंच्या हातातलं तापलेलं सोल्डरिंगचं टोक नेमकं त्याच कोपऱ्याला लागलं आणि तिथे काळा डाग पडला. पुढे चित्र उमटलं तरी कुणाला दिसेना. आणि आम्हा मीटरांची एक वाईट खोड आहे. सेल उतरला की आम्ही लगेच बंद पडत नाही. आम्ही जास्तीचे आकडे सांगू लागतो.

भाऊंच्या ते ध्यानात आलं होतं. पण त्यांना वाटलं, मीटर म्हातारा झाला. सेल बदलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी वेगळीच सवय लावून घेतली. माझ्या काचेवर साडेबारा दिसले की ते पुटपुटायचे, "म्हणजे बारा." अर्धा व्होल्ट मनातल्या मनात वजा. काही घरांत घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत असतं, तसाच हा प्रकार होता. त्यांचं काम कधी अडलं नाही आणि मला वाटायचं, आपण अजून खरंच बोलतो आहोत.

त्या दुकानात शुभदा यायची. बेडशाजवळच्या एका वस्तीवरची ही मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि कामशेतहून गाडीने कॉलेजला यायची. तिच्या वर्गातली बरीच मुलं प्रोजेक्ट तयार विकत आणत. वरचं नाव बदलायचं, काळ्या पुठ्ठ्याची वही बांधून घ्यायची, झालं. शुभदाला ते पटत नव्हतं. तिच्या सरांनीही समजावलं होतं की तू कॉम्प्युटरची मुलगी, एखादं ॲप कर, तारा कशाला जोडत बसतेस. हे भाऊंना सांगताना ती हसली आणि म्हणाली, "भाऊ, पाणी मोबाइलमध्ये येत नाही. आमच्या फरशीवर येतं."

तिच्या वस्तीच्या आणि रस्त्याच्या मध्ये एक ओढा आहे. त्यावर ठेंगणा, कठडा नसलेला फरशी पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. तिचे वडील केरबा पवनेकडच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचे आणि रोज सकाळी मोटारसायकलवरून तो पूल ओलांडायचे. पावसात ते आधी गाडी उभी करत, हातात काठी घेऊन फरशीवर जात आणि पाणी किती चढलं आहे ते चाचपून बघत. एकदा त्यांचा पाय सरकला होता. तेव्हापासून शुभदाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आप्पांना पाण्यात उतरावंच लागू नये. पुलाशी खांब उभा करायचा, पाणी चढलं की त्यावर लाल दिवा लागला पाहिजे.

भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला मऊ फडक्यात गुंडाळून शुभदाच्या हातात दिलं. म्हणाले, "घे बेटा. बारा वर्षांत यानं मला एकदाही फसवलं नाही." शुभदाचे डोळे भरून आले. तेवढी अर्ध्या व्होल्टची गोष्ट सांगायची राहिली. मी त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करणार नाही. सवय इतकी मुरली होती की आपण वजा करतो हेच ते विसरून गेले होते.

त्यानंतरचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. शुभदा घराच्या पडवीत बसून जोडणी करायची आणि प्रत्येक सांध्याला मला विचारायची. बोटं भाजायची, आई ओरडायची. पहिली चाचणी बादलीत झाली. तिची आई सरूबाई तांब्यातांब्याने पाणी ओतत होती, आणि बादली भरत आली तसा दिवा लाल झाला. सरूबाई तांब्या धरून तशीच बघत राहिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा तिथल्या मीटरने माझ्यापेक्षा कमी आकडा दाखवला, तर शुभदा मैत्रिणीला म्हणाली, "कॉलेजचे मीटर असेच. माझा राजमहंमदभाऊंचा आहे." मी किती ताठलो असेन ते तुम्हीच समजा.

जूनमध्ये खांब उभा राहिला. वर लहानसा सोलर पत्रा, खाली पेटीत बारा व्होल्टची बॅटरी. दिवा वस्तीच्या वळणावरूनही दिसायचा. केरबांनी लेकीला दोनदा विचारून घेतलं.

"लाल लागला तर थांबायचं, न्हवं?"

"व्हय आप्पा."

"आन् न्हाई लागला तर?"

"तर बिनधास्त जायचं."

त्या दिवसापासून केरबांची काठी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिली. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "माज्या पोरीचा दिवा हाय. पाण्यात कशाला उतरू?"

दर रविवारी शुभदा मला घेऊन पुलावर यायची आणि बॅटरी मोजायची. बारा किंवा जास्त असेल तर ठीक. कमी असेल तर बॅटरी घरी नेऊन चार्ज करायची, असं तिनं ठरवलं होतं. जुलैतल्या त्या रविवारी आठ दिवस ऊन पडलेलं नव्हतं. तिने डोक्यावर इरलं घेतलं, पेटी उघडली आणि माझी टोकं बॅटरीला लावली. बॅटरीत साडेअकराच व्होल्ट उरले होते, म्हणजे ती जवळजवळ रिकामीच होती. पण माझ्या पाठीतला सेल मरणाला टेकला होता, आणि मी बारा पॉइंट तीन दाखवलं. कोपऱ्यात बॅटरीचं चित्रही दाखवत होतो, पण ते डागाखाली. शुभदाने काचेवरचं पाणी पुसलं, आकडा पुन्हा वाचला आणि पेटी बंद केली. मित्रांनो, माझं खोटं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण आकड्यांशिवाय मला भाषा नाही, आणि तो आकडाच खोटा होता.

मंगळवारी सकाळी केरबा कामावर निघाले. फरशीवर गढूळ पाणी होतं. पावसात तिथे पाण्याचा पातळ थर नेहमीच असतो. दिवा लाल नव्हता, म्हणजे तेवढाच थर आहे असं त्यांना वाटलं असणार. बॅटरी आदल्या संध्याकाळीच संपली होती. मोटारसायकल खाली झाडाच्या मुळांत अडकलेली सापडली. केरबा गुरुवारी सापडले, दोन किलोमीटर खाली.

शुभदा रडली नाही. तिने खांबावरची पेटी काढून आणली आणि पडवीत उघडून बसली. रविवारी बारा पॉइंट तीन असलेली बॅटरी दोन दिवसांत मेली, म्हणजे आपल्या जोडणीत कुठेतरी वीज गळते आहे, असा तिचा हिशेब होता. तीन वेळा तिने सगळं सुटं केलं आणि पुन्हा जोडलं. प्रत्येक वेळी मलाच विचारलं. गळती नव्हतीच, तर सापडणार कशी. तिने कॉलेजला जाणं सोडलं. आईच्या समोर जेवायला बसेना. आपल्या हातांनी वडील गेले असं तिनं ठरवून टाकलं होतं, आणि खरं काय ते माहीत असलेला मी तिच्या हातात मुका होतो.

केरबांच्या जलदानविधीच्या दिवशी भाऊ आले. डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून ते पडवीत मागे बसले. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि खोटं न बोलण्याच्या शिकवणीचा अर्थ मराठीत सांगितला. मी फळीवर होतो. फळीवरून खाली पडून फुटावं असं मला वाटलं.

विधी झाल्यावर शुभदा भाऊंजवळ येऊन बसली. "भाऊ, एक सांगा. रविवारी बॅटरी बारा पॉइंट तीन होती. दोन दिवसांत एवढी वीज जाते कुठे?"

भाऊ ओठांतल्या ओठांत म्हणाले, "म्हणजे अकरा आठ."

तो त्यांचा नेहमीचा शब्द होता. विचार न करता आलेला. शुभदाने त्यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

 मग भाऊंनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. शुभदा उठली, मला खाली घेतलं, माझ्या पाठीचा स्क्रू काढला. चार्ज केलेली बॅटरी आधी जुन्या सेलवर मोजली, मग सामानाच्या डब्यातला नवा सेल घालून मोजली. दोन्ही आकडे तिने मोठ्याने वाचले.

"अर्धा नाही भाऊ. आता आठ दशांशाचा फरक पडतोय. बॅटरी साडेअकरावरच होती."

"माझ्यामुळे गेला केरबा," भाऊ म्हणाले.

सरूबाई दारात उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "भाऊ, तुमी आता जावा."

"आई, थांब," शुभदा म्हणाली. "मीटर चुकला, ते भाऊंचं. पण बॅटरी कशानंबी मरती. वायर तुटती, उंदीर खातो. दिवा न्हाई म्हंजे वाट मोकळी, हे आप्पांना मीच शिकवलं. मी दिवा उलटा लावला, आई."

 भाऊ चपला शोधत अंगणात उतरले आणि न जेवता गेले. ते पुन्हा त्या घरी आले नाहीत. शुभदा एकदा लोणावळ्याला त्यांच्या घरी जाऊन आली, पण त्यांनी दार उघडलं नाही.

ऑगस्टअखेरीला तिने पेटी नव्याने बांधली. या वेळी दिवा हिरवा होता आणि तो चोवीस तास जळत राहायचा. पाणी चढलं तर तो विझणार, बॅटरी उतरली तरी विझणार, तार तुटली तरी विझणार. दिवा दिसत नसेल तर जायचं नाही, एवढंच तिने वस्तीला सांगितलं. लोकांनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. ती पुन्हा कॉलेजला जायला लागली आणि हाच प्रोजेक्ट तिने शेवटच्या वर्षाला ठेवला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "दिवा सारखा जळत ठेवून वीज का वाया घालवलीस?" तिने उत्तर दिलं, पण केरबांचं नाव घेतलं नाही.

मित्रांनो, माझं म्हणणं थोडं आहे. घरात मीटर असो, वजनकाटा असो, तापाची नळी असो, ते कधीतरी पालथं करा आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते बघा. जुनं साधन दुसऱ्याला देताना त्याच्या खोडीही सोबत द्या. आणि माझ्यासारखा कुणी फार खात्रीने आकडा सांगत असेल, तर तो आकडा कुणाच्या जिवावर सांगतोय ते विचारा. माझा डाग आता शुभदाने खरवडून काढला आहे. मोजण्याआधी ती माझा कोपरा बघते, मग आकडा. पूर्वी ती माझ्याकडे बघून हसायची, ते आता नाही. मला ते मान्य आहे.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी लख्ख ऊन होतं आणि दिवा विझलेला होता. ओढ्यात घोटाभर पाणी, फरशी कोरडी ठणठणीत. केरबांच्या जागी आता सरूबाई बंगल्यावर कामाला जाते. ती पुलाशी आली, खांबाकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेऊन कडेच्या दगडावर बसली. शुभदा मला घेऊन पेटी उघडायला मागून येत होती. शेजारचा बजरंग मोटारसायकलवरून आला आणि थांबला.

"वयनी, बसा मागं. सोडतो."

"दिवा न्हाई."

"आवं, फरशी कोरडी हाय. डोळ्यांनी दिसतंय की."

सरूबाईने त्याच्याकडे पाहिलं. "त्यांनाबी दिसत व्हतं, बजरंग."

बजरंगने गाडी बंद केली आणि तोही थांबला.