आलिंग बेलेन यांची मेणबत्ती

सुज्ञ वाचकहो, आमच्या कचऱ्याच्या टेकडीची तपासणी कशी झाली व तिच्यापायी एका मातेची आशा कशी संपुष्टात आली, ते मी यथाशक्ती निवेदन करणार आहे.

मनिलाच्या वेशीवरील ही टेकडी एका वादळात ढासळून खालच्या झोपड्यांवर आली. आलिंग, म्हणजे आमच्याकडील मावशी, बेलेन यांचा पुत्र नोएल तिच्याखाली गाडला गेला, तो सापडलाच नाही. पुढे टेकडी बंद झाली, तिच्यावर गवत माजले. यंदा एका कंपनीने ती उकरून प्लास्टिक व लोखंड काढण्याचे योजिले. तत्पूर्वी हवेस, पाण्यास व वस्तीस काय अपाय संभवतो हे पाहण्यास इंजिनियर दुमलाओ आले. त्यांनी जागोजागी भोके पाडून पांढऱ्या नळ्या उभ्या केल्या. मी त्यांचा हमाल होतो.

"उकरणार ना रे नक्की?" आलिंग बेलेन मला विचारीत.

"तपासणीत पास झाली तर, आलिंग बेलेन."

"माझा नोएल कधी पास झाला नाही. टेकडीने तरी व्हावं."

अशातच मृतांचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो. बेलेन यांना कबरच नव्हती. त्या पांढऱ्या नळ्यांची रांग त्यांना कबरस्तानासारखी भासली. एका नळीचे झाकण काढून त्यांनी तिच्या तोंडाशी पेटती मेणबत्ती धरली. भपकन निळी ज्वाळा उठली, त्यांच्या भुवया जळाल्या.

"नोएलने ओ दिली," त्या म्हणाल्या.

"तो कसला ओ देतोय," शेजारीण क्योरा म्हणाली, "जिवंतपणी हाक मारली की पळायचा." दोघी हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

इंजिनियरांनी धावत येऊन ओल्या गोणपाटाने ज्वाळा विझविली. पुढल्या आठवड्यात ते स्वतः बेलेन यांच्या दारी आले.

"उकरता येणार नाही, आलिंग बेलेन. आत वायू फार आहे, वस्ती पेटेल. काळं पाणी विहिरींत उतरेल."

"माझ्या मेणबत्तीने नापास झाली का?"

"नाही. सगळ्याच नळ्यांत तेच निघालंय."

"म्हणजे तो आतच राहणार."

"हो."

त्यांनी टेकडीवरल्या त्या जळक्या नळीकडे बोट केले. "मग ती नळी तरी उपटू नका."

"ती राहील, वायू मोजायला लागते. पण तिथे मेणबत्ती लावायची नाही."

"मग काय लावू?"

इंजिनियर शिकलेले गृहस्थ, त्यांनी वही मिटून काखेत मारली. मी त्यांची पेटी उचलली.

आपण हे दुःख वाचलेत, याबद्दल मी, रुफिनो माग्सिनो, आपला ऋणी आहे.