महिपततात्यांनी लावलेलं हेलिकॉप्टर

कल्याणजवळच्या मोहन्यात साईनाथचं केस कापायचं दुकान आहे. तिथे नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला कापड बांधलं गेलं आणि गालाला फेस लागला, की बाकावर बसलेले महिपततात्या घसा साफ करत. तोंडाला फेस लागलेला माणूस मध्ये बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तुमच्याकडे पाणी भरतं का हो पावसाळ्यात?" अशी ते सुरुवात करत. गिऱ्हाईक मान हलवायच्या आत तात्या खडवलीला पोचलेले असत.

दोन वर्षांपूर्वी भातसा नदी चढली तेव्हाची ही गोष्ट. खडवलीतली खालच्या आळीतली माणसं शाळेच्या गच्चीवर जाऊन बसली. हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं खरं, पण त्याने उतरायचं कुठे? एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला विजेच्या तारा. तात्यांनी सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. मुरबाडपासून शहापूरपर्यंत कुठल्याही स्टँडात बस मागे घ्यायची असली, की खाली उतरून हात दाखवायचे ते हेच. ते गच्चीच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "येऊ द्या, येऊ द्या... डावी मारा... अजून थोडं... बस्स!" आणि हेलिकॉप्टरने एक चाक गच्चीच्या कडेला टेकवलं. बाकीचं सगळं धूड हवेत. तसंच ते लोक चढेपर्यंत थांबलं.

"ड्रायव्हर चांगला होता," तात्या शेवटी म्हणत. "सांगितलेलं ऐकत होता."

"तात्या, तिकिटं फाडलीत का?" साईनाथ वस्तरा पुसत विचारी.

"अरे, त्या फेरीला माफी होती."

दुकान हसे. तात्यांना ते चाले. त्या पुरात त्यांचं खडवलीतलं घर गेलं होतं. मुलाकडे मोहन्याला राहायला आल्यावर महिना-दीड महिना ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, समोरचं ताट गार होई. एक दिवस बायकोने, रतनबाईंनी, दाढी करून या म्हणून ढकललं आणि इथल्या बाकावर ही गोष्ट पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघाली. तेव्हापासून तात्या माणसांत आले. चार लोकांत त्यांची जी काही पत होती, ती ह्या गोष्टीवर होती. रतनबाई तर गच्चीवर शेजारीच होत्या, पण नवरा सांगायला लागला की त्या लसूण सोलत बसत. हो नाही, की नाही नाही.

एक दिवस साईनाथने पेपर उघडला आणि ओरडला, "तात्या, तुमच्या ड्रायव्हरला बक्षीस!"

त्या हेलिकॉप्टर तुकडीला उड्डाणातल्या असामान्य कसबासाठी मोठा मानाचा पुरस्कार मिळाला होता. बर्फात अडकलेले जवान काढले, बुडत्या जहाजावरचे खलाशी काढले, आणि शेवटच्या ओळीत, खडवलीच्या शाळेची गच्ची.

"माझं नाव?"

"नाव कुणाचंच नाही. सगळ्या तुकडीला मिळून आहे."

"मग बरोबर," तात्या म्हणाले. "तुकडीत धरलेला असणार मला."

पंधरवड्याने कल्याणच्या एका समितीने त्या तुकडीचा सत्कार ठरवला आणि गच्चीवरून वाचलेल्यांना बोलावणं धाडलं. साईनाथने रविवारचं दुकान बंद ठेवलं, हे म्हणजे नवलच. बाकावरची सगळी मंडळी निघाली. तात्यांनीच तेवढा सकाळपासून चहा दोनदा गार केला. दोन वर्षं सांगितलेली गोष्ट आता खुद्द ज्याने हेलिकॉप्टर चालवलं त्याच्यासमोर जाणार होती. त्याने 'हे कोण?' असं विचारलं तर उद्या बाकावर बसायचं कुठल्या तोंडाने?

"ताप आलाय म्हणून सांगू का?" रतनबाईंनी विचारलं.

"ताप कशाला येईल मला?" तात्या फिस्कारले आणि टोपी उलटी घालून बाहेर पडले. ती रतनबाईंनी जिन्यात नीट केली.

सभागृहात पहिल्या रांगेत जागा होती. व्यासपीठावर निळ्या गणवेशातली माणसं येऊन बसली आणि निवेदकाने सांगितलं, खडवलीला हेलिकॉप्टर चालवलं ते स्क्वाड्रन लीडर श्रिया यांनी, आपल्या ठाण्याच्या कोलशेतच्या. एक सडपातळ मुलगी उठून उभी राहिली.

मागून साईनाथ वाकला. "तात्या, तो ऐकत होता म्हणालेलात. ती होती की ओ!"

"लांबून काय कळतंय," तात्या पुटपुटले.

श्रिया मराठीतच बोलायला लागली. "सगळे मला विचारतात, एवढ्याशा जागेत चाक कसं टेकवलंत? खरं सांगू? मला ती गच्ची दिसतच नव्हती. पायलटला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं आणि मागचं काही दिसत नाही. आमचे स्वानंदसाहेब दाराशी पालथे पडून खाली बघत असतात आणि माझ्या कानात सांगत असतात. एक फूट मागे. थोडं डावीकडे. थांब. मी फक्त ते ऐकते."

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "अगं, म्हणजे कंडक्टरच की हा!" ते रतनबाईंना म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. कंडक्टर तिचा तिच्याजवळच होता. मग गच्चीवरचा कोण?

स्वानंद डोंबिवलीचे, जाड मिश्यांचे, पन्नाशीला टेकलेले. ते उठले. "माझ्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्याचं चित्रण दाखवतो. आमच्या नव्या पोरांना शिकवताना आम्ही हेच दाखवतो."

पडद्यावर गच्ची आली. माणसं खाली बसलेली आणि मधोमध एक गृहस्थ दोन्ही हात जोरजोरात नाचवतोय. बाकावरच्या मंडळींनी ओळखून टाळ्या पिटल्या. तात्यांनी मान ताठ केली.

"आता माझा हात बघा," स्वानंद म्हणाले. पडद्याच्या कोपऱ्यात हातमोजा घातलेला हात वरखाली होत होता. "मी सांगतोय, बसा, बसा. पंख्याच्या वाऱ्याने उभा माणूस उडून खाली जातो. आजोबा मला म्हणतायत, या, या. मी म्हणतोय बसा, ते म्हणतायत या. मॅडम कानात विचारतायत, उतरू का? मी म्हटलं, मॅडम, एक आजोबा नाचतायत, ते थांबेपर्यंत वरच थांबा."

सभागृहात खसखस पिकली. तेवढ्यात पडद्यावर खालून एक बांगड्यांचा हात आला, त्याने आजोबांचा पायजमा कमरेशी धरला आणि असा हिसका दिला की आजोबा बदकन खाली बसले. पुढच्या क्षणी चाक गच्चीला लागलं.

लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी राहिले. साईनाथ तर डोळे पुसत होता. तात्यांचे कान लाल झाले. उठून जावं असं त्यांना वाटलं, पण पहिल्या रांगेतून उठायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत.

"थांबा, हसू नका," स्वानंदांनी हात वर केला. "पुढचं बघा. एका चाकावर टेकलेल्या हेलिकॉप्टरकडे सगळे एकदम धावले, की ते कलंडतं. मला खरी भीती त्याची होती. पण इथे कुणी धावलं नाही. का? बघा."

पडद्यावर तात्या ओणवे उभे होते. एक हात कमरेवर. दुसरा हात माणसांच्या खांद्यावर एकेक करून पडत होता. आधी लेकुरवाळ्या, मग म्हातारी, मग बाकीचे. हात पडला की माणूस पुढे जाई, नाही पडला की जागेवर. सगळ्यांत शेवटी ते स्वतः चढले, कमरेवरचा हात न काढता.

"काय तो रुबाब!" स्वानंद म्हणाले. "रांग ह्यांनी लावली. शेवटी चढले. आजोबा, वर या."

तात्या गोंधळले. रांग लावणं हे काय सांगायचं काम होतं? ते तर त्यांनी जन्मभर केलं, त्याची गोष्ट करायची असते हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर गेले, शाल अंगावर पडली, माईक हातात आला. घोकलेलं भाषण हेलिकॉप्टर लावण्याचं होतं, ते आता काय कामाचं? त्यांनी खाली बघितलं. रतनबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"मला बसवलं हिने," तात्या म्हणाले. "हिलाच विचारा."

रतनबाई नको नको म्हणत असताना माईक त्यांच्यापर्यंत पोचला. आयुष्यात त्या कधी माईकवर बोलल्या नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी ओढलं ना, तेव्हा ह्यांची नाडी तुटली. म्हणून तो हात कमरेवर. आणि चढताना कुणाला दिसू नये म्हणून शेवटी राहिले."

ह्यावर जे झालं ते विचारू नका. श्रियामॅडम टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. साईनाथ खुर्चीखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकला होता.

तात्या हसं ओसरेपर्यंत थांबले. बसमध्ये गोंधळ झाला की थांबायचे तसे. मग माईक तोंडाजवळ घेतला.

"नाडी तुटली, खरं आहे. पण सगळी माणसं चढवली, आणि पायजमाही पडू दिला नाही. जमेल कुणाला?"

श्रियामॅडम उठल्या आणि त्यांनी तात्यांना कडक सॅल्यूट ठोकला. टाळ्या मग बराच वेळ चालल्या.

घरी परतताना रिक्षात दोघंच होती. शहाडचा पूल लागला तेव्हा तात्या म्हणाले,

"एवढ्या दिवसांत कधी बोलली नाहीस."

"तुम्ही रंगात येऊन सांगायचात. मी कशाला मध्ये ओढू?" रतनबाई म्हणाल्या. "एकदा ओढलं तेवढं पुरे झालं."

"आता तो साईनाथ उद्या उघडल्या उघडल्या सगळ्या मोहन्याला सांगणार."

"त्याच्या आधी जाऊन तुम्हीच सांगा. नाडीसकट."

"नाडीसकट?"

"नाहीतर मी येते सांगायला."

रिक्षा मोहन्याच्या रस्त्याला वळली तेव्हा तात्यांचे ओठ हलत होते. नाडी सुरुवातीलाच सांगून टाकावी, की गिऱ्हाईकाची अर्धी दाढी होईपर्यंत राखून ठेवावी, एवढंच काय ते अजून ठरत नव्हतं.