बाटली गप्प झाली तर हाक मारा

हुबळीजवळच्या केलगेरी गावात एका घरी पुस्तकांचे एक मोठे कपाट आहे. त्यात पुस्तक नसलेली एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी सलाईनची काचेची बाटली आहे. माझ्या पोटावर चिकटपट्टीचा पिवळा पडलेला तुकडा आहे. त्यावर निळ्या शाईच्या आठ रेघा आहेत. त्या रेघा आल्या तेव्हाच माझे खरे आयुष्य सुरू झाले.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते मला ठाऊक नाही. भट्टीची ऊब तेवढी आठवते. हुबळीच्या एका मुलांच्या दवाखान्यात मी भरून आले आणि एका दिवसात रिकामी झाले. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र शुभांगी सिस्टरांनी धुऊन खिडकीत ठेवले. सगळा वॉर्ड त्यांना अक्का म्हणे. प्लॅस्टिकच्या बाटल्या येऊ लागल्या होत्या, आणि काच पुन्हा मिळणार नाही असे अक्कांना वाटले. पुढची तीन वर्षे मी खिडकीतून नुसत्या रिक्षा पाहिल्या.

दोन हजार एक साल उजाडले. अतिदक्षता विभागात श्वासाचे यंत्र एकच होते, आणि न्यूमोनियाने धापा टाकणारी लेकरे पाच-सहा असत. काहींना गाडीत घालून बेळगावला पाठवत. सगळी पोचत नसत.

एका सकाळी डॉक्टर प्रभंजन झेरॉक्स केलेले चार कागद घेऊन आले. दूर कुठेतरी झालेल्या संशोधनाची ती माहिती होती. मुलाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी लावायची आणि तिथूनच निघणाऱ्या दुसऱ्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवायचे. तुम्ही कधी फुगा फुगवला आहे ना? पार मिटलेल्या फुग्याला पहिली फुंकर फार जड जाते. थोडा फुगलेला फुगा मात्र लगेच ऐकतो. पाण्याच्या दाबामुळे मुलाचे फुप्फुस पार मिटत नाही, आणि पुढचा श्वास हलका होतो.

"एवढंच?" अक्कांनी विचारले.

"एवढंच. पण बंगळूरवाले हसतील आपल्या बाटलीला."

"हसू देत की. त्यांच्या यंत्राला करंट लागतो. हिला पाणी पुरे."

अक्कांनी माझ्यावर चिकटपट्टी लावली आणि मोजपट्टी घेऊन तिच्यावर सेंटीमीटरच्या रेघा आखल्या. एका वहीत त्या प्रत्येक मुलाचे मिनिटाचे श्वास लिहू लागल्या, नळी लावण्याआधीचे आणि नंतरचे. पहिल्या मुलाचे बहात्तर होते, ते चोपन्न झाले. डॉक्टरांनी तो आकडा दोनदा मोजायला लावला.

मग मथुरा आली. अळणावरजवळच्या खेड्यातली नऊ महिन्यांची मुलगी. ओठ निळसर, छातीत खळगे पडत होते. तिची आई यमुना भाताच्या शेतातून तशीच आली होती. बरोबर आजी सखूबाई. डॉक्टरांनी नळी लावली आणि मी बोलू लागले. बुडबुड, घुर्रघुर्र.

दाराशी उभ्या सखूबाईंनी तो आवाज ऐकला आणि त्या मटकन खाली बसल्या. "घरघर लागली गं यमुने! लेकराला घरघर लागली!"

मरणाऱ्या माणसाच्या घशातला आवाज त्यांनी आयुष्यात पुष्कळदा ऐकला होता. माझा आवाज त्यांना तसाच वाटला. मला फार अपराधी वाटले.

"घरघर नव्हे हो आज्जी," अक्का म्हणाल्या. "बाटली बोलायलीय. ती बोलते तोवर नातीला श्वास मिळतोय."

"बाटली कुठं बोलत असतीय व्हय?"

"आमच्या वॉर्डात बोलती." मग त्या यमुनेकडे वळल्या. "तू ऐकत बस. बाटली गप्प झाली तर मला हाक मार. मी गप्प बसलेली चालेल, ही गप्प बसता कामा नये."

"तुम्हांला गप्प बसलेलं आम्ही कुठं बघितलंय, अक्का?" डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का पलीकडच्या खाटेपाशी होत्या. मथुरेला घाम आला होता. गालावरची चिकटपट्टी सुटली, नळी नाकातून निसटली, आणि माझे पाणी स्थिर झाले. मला हाक मारता येईना.

सखूबाईंनी हात जोडले. "थांबली बाई घरघर. बरं वाटायलंय लेकराला."

यमुना मात्र ताडकन उठली. "अक्का! बाटली गप्प झाली!"

अक्का धावत आल्या. मथुरेचे ओठ पुन्हा निळे पडत होते. त्यांनी नळी बसवली, नवी पट्टी लावली आणि माझ्याकडे पाहिले. एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग मी अशी बोलू लागले की थांबेचना. हळूहळू ओठांवर गुलाबी रंग आला. सखूबाई डोळ्यांना पदर लावून मला म्हणत होत्या, "बोल माझे बाई, बोल."

सहाव्या दिवशी मथुरा आईच्या अंगावर पीत घरी निघाली. जाताना सखूबाईंनी मला कुंकू लावले. डॉक्टर हसले, पण अक्कांनी ते पुसले नाही.

पुढे नवी यंत्रे आली. त्यांना बुडबुड करावे लागत नाही. काही थांबले तर ती स्वतःच घंटा वाजवतात. आधी मला वाईट वाटले. मग एका दिवशी पाच खाटांवर पाच मुले शांत झोपलेली पाहिली, आणि माझे वाईट वाटणे ओसरले. बेळगावची गाडी आता क्वचितच निघे.

निवृत्त होताना अक्कांनी मला आणि त्या वहीला घरी आणले. गेल्या महिन्यात अक्का गेल्या. दिवस झाले, पाहुणे परतले, आणि घर फार शांत झाले. काल त्यांची मुलगी दीपश्री हिने वही वाचता वाचता मला खाली काढले. धुतले. पाचव्या रेघेइतकी नळी बुडेल एवढे पाणी भरले आणि नळीत हळूच फुंकर घातली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा विचारा, तुला अजून काय येते? आणि आजारी माणसापाशी बसाल तेव्हा आवाजाला भिऊ नका. कान ठेवायचा तो शांततेवर.

अक्का गप्प बसलेल्या चालतील असे त्यांनीच सांगून ठेवले होते. मी बोलले.