मिठबावची नोंद

"जरा मागे व्हा काका, पान फाटेल," कारकून म्हणाला.

दत्ताराम अर्धे पाऊल मागे झाला, पण मान त्याने तिथेच ठेवली. टेबलावर मिठबाव गावाचे जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर उघडे होते. पाने पापडासारखी झाली होती आणि सगळा मजकूर मोडीत. मोडी वाचणारा हा कारकून देवगडच्या कचेरीत आठवड्यातून एकदाच यायचा, म्हणून पिंगुळीहून दत्तारामची ही तिसरी खेप. पहिल्या दोन्ही खेपा फुकट गेल्या होत्या.

कारकुनाचे बोट एका ओळीवर थांबले.

"हे बघा. धोंडू बाळा, राहणार पिंगुळी, हल्ली मुक्काम मिठबाव, देवळाची धर्मशाळा. मुलगा. जात ठाकर."

"परत वाचा."

"जात ठाकर. स्वच्छ लिहिलंय. सन एकोणीसशे अडतीस."

दत्तारामने डोळे पुसले. धोंडू म्हणजे त्याचा आजा आणि हा बिननावाचा मुलगा म्हणजे त्याचा बाप, गोपाळ. नात तेजस्वीला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता, पण तो टिकायचा तर ती ठाकर जमातीची आहे हे कागदाने सिद्ध करायला हवे होते. कागदही पन्नास सालाच्या आधीचा हवा. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर कुणा मास्तराने नुसते 'हिंदू' लिहून ठेवले होते. जमात तपासणाऱ्या समितीने पंधरा दिवसांची मुदत दिली होती, त्यातले नऊ दिवस संपले होते. पोरीने रात्रंदिवस अभ्यास केला होता. गोठ्यातल्या म्हशीला ताप आला तर ही जेवायची नाही, अशी पोर.

"आणि तारीख?" त्याने सहज विचारावे तसे विचारले.

"अकरा डिसेंबर."

"ती वर्दीची असेल, खबर दिल्याची. जन्म आधीचा असणार."

"वर्दीचा रकाना वेगळा आहे. वर्दी तेरा डिसेंबरला दिली आहे. जन्म अकराला."

"नोव्हेंबर तर नसेल? नीट बघा हां."

कारकुनाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"वरच्या खालच्या सगळ्या नोंदी डिसेंबरच्या आहेत. काका, तुमचं काम जातीचं ना? मग तारखेचं काय घेऊन बसलात?"

दत्तारामने नकलेचे पैसे पुढे सरकवले. नक्कल हातात पडली तेव्हा त्याने ती दोनदा घडी करून पिशवीत ठेवली. पिशवीत आधीच एक नक्कल होती, पिंगुळीच्या रजिस्टरातली. त्याच धोंडूचा दुसरा मुलगा विठू, जन्म बावीस नोव्हेंबर, साल तेच. तिच्यात जातीचा रकाना कोरा होता, म्हणून ती तेजस्वीच्या कामाची नव्हती. तरीही दत्तारामने ती गेल्या आठवड्यात मुद्दाम काढून घेतली होती आणि त्या दिवशी घरी जाऊन आनंदाने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या होत्या.

त्या आनंदाचे कारण असे की धोंडूला दोन बायका होत्या, आनंदीबाई आणि यशोदा. ठाकरांच्या प्रत्येक घराला खेळ करायला देवळे वाटून दिलेली असत. त्या हंगामात धोंडू एकेक चित्र दाखवत आख्यान गायची ती सुट्या चित्रांची पोथी आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन देवगडच्या बाजूला फिरत होता. आनंदीबाई पोटुशी असूनही हट्टाने बरोबर गेली होती, यशोदा पिंगुळीत होती. दोघी एकाच हंगामात बाळंत झाल्या. धोंडू शिमग्याला परतला तेव्हा घरात एक पोर पालथे पडू लागले होते आणि खांद्यावर दुसरे. थोरले कुठले, यावरून त्या दिवशी जी भांडणे लागली ती तीन पिढ्या पुरली. कारण पोथी जाते थोरल्याकडे. पोथीबरोबर देवळे जातात आणि देवळांबरोबर मान.

"तुळशीच्या लग्नादिवशी झालो माझो गोपाळ," आनंदीबाई मरेपर्यंत सांगायची. "ती सटवी पंधरा दिसांनी बाळंत झाली!"

त्या साली तुळशीचे लग्न नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते आणि विठूची बावीस तारीख त्या हिशेबात बरोबर बसत होती. पण धोंडू आजारी पडला तो यशोदेच्या बिऱ्हाडात आणि गेलाही तिथेच. पोथी त्याच्या उशाशी होती, ती तिथेच राहिली. ती आधी विठूची झाली आणि आता विठूच्या मुलाची, शंकरची होती.

शंकरचे घर दत्तारामच्या पडवीतून दिसायचे. दोनशे पावलांवर. घरापुढे इंग्रजी पाटी, अंगणात मुंबईपुण्याच्या गाड्या, कधी गोऱ्या बायका गुडघे मोडून बसलेल्या. पेपरात शंकरचा फोटो, गळ्यात शाल, हातात नारळ. दत्तारामने चौतीस वर्षे मालवण डेपोत कंडक्टरकी केली होती. त्याचा फोटो फक्त ओळखपत्रावर होता. त्याला शंकरचा हेवा वाटायचा असे म्हणणे कमीच होते. तो जळायचा. शंकरकडे गाडी वळली की त्याचा चहा कडू व्हायचा. शंकर गात नाही, टेप लावून नुसती चित्रे उलटतो, हे तो भेटेल त्याला सांगायचा. सगळी आख्याने दत्तारामला पाठ होती. आठ वर्षांचा असताना आजाने त्याला मांडीशी बसवून शिकवली होती आणि एक चित्र त्याच्या हातात धरायला दिले होते, लवकुशांनी अडवलेल्या निळ्या घोड्याचे. तो घोडा त्याने पन्नासहून जास्त वर्षांत पाहिला नव्हता. रिकाम्या गाडीत तिकिटांचा हिशेब जुळवताना तो त्याच घोड्याचे पद गुणगुणायचा.

आणि आता आपला बाप एकोणीस दिवसांनी धाकटा निघाला होता. कुडाळच्या गाडीत बसल्यावर त्याने बोटांवर पुन्हा मोजले. एकोणीसच.

दुसऱ्या दिवशी तेजस्वीला घेऊन तो कुडाळला वकिलाकडे गेला. नोंदीत मुलाचे नावच नव्हते, त्यामुळे तो मुलगा म्हणजे गोपाळच, हे घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या वडीलधाऱ्याने शपथेवर लिहून द्यायला हवे होते. सोबत वंशावळही जोडायची होती. दुसऱ्या शाखेत वडीलधारे आता एकच उरले होते. वकिलाच्या टायपिस्टने दोन्ही नकला समोर ठेवून तारखांप्रमाणे टाइप केले: धोंडू यांस पुत्र दोन. एक, विठू, जन्म बावीस नोव्हेंबर. दोन, गोपाळ, जन्म अकरा डिसेंबर.

तेजस्वी कागदावर वाकली.

"आजा, पणजोबा धाकटे? तुम्ही तर सांगायचात..."

"कागदार आसा ता खरा," दत्ताराम म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"वाचल्याशिवाय सही करू नका हं," वकील सवयीने म्हणाला. "आणि ज्यांची सही घ्याल त्यांनाही वाचायला सांगा. शपथपत्र आहे."

शंकरच्या सहीचा कागद घेऊन तो घरी आला. जेवला नाही. पडवीत बसून त्याने कागदाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी अशी जमली की वंशावळ आणि तारखा आत राहिल्या आणि सहीची जागा तेवढी वर आली. मग चपला घालून तो दोनशे पावले चालून गेला. नातवाचे बारसे, विठूकाकाचे बारावे अशा कारणांनी त्या अंगणात तो गेला असेल तेवढाच. शंकरने आता तोंडावर सांगावे, 'बघ, आम्हीच थोरले,' आणि आपण मान खाली घालून सही मागावी, या विचाराने त्याचे कान तापले होते.

शंकरची बायको सुशीला दारात कोकमाची सोले वाळत घालत होती. ती गडबडीने उठली.

"भावजी? येवा, येवा. अहो, कोण इला बघा!"

शंकर आतून आला. पेपरातल्या फोटोपेक्षा तो बराच वाळला होता.

"बस रे," तो म्हणाला. आवाज घोगरा, ओढून काढल्यासारखा.

"बसाक नाय इलंय. तेजूच्या कामाक तुजी सयी व्हयी."

त्याने थोडक्यात सांगितले. समिती, मुदत, मिठबावची नोंद. तारखेचे नाव काढले नाही. शंकर ऐकत होता आणि मध्येच उठून आत गेला. दत्तारामला वाटले, झाले, आता हा नाही म्हणणार. सुशीलेने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्याने हातातच धरून ठेवला.

शंकर परत आला तो लाल कापडात बांधलेले गाठोडे छातीशी धरून. त्याने ते दत्तारामसमोर चटईवर ठेवले आणि गाठ सोडली.

"ही घे."

"काय ह्या?"

"पोथी. तुमची आसा." शंकरने खाली बघत सांगायला सुरुवात केली. "बाबा जाताना माका जवळ बोलावल्यान. म्हणालो, पोथी गोपाळाची, तो थोरलो. यशोदा आजयेन त्येका सांगलेल्यान, पण सवतीपुढे कबूल करूक तिचा मन झाला नाय. म्हणालो, परत कर. बारा वर्सा झाली रे त्येका. माका जमला नाय. पोथी गेली तर लोकांका मी काय दाखवतलंय? तू पडवीत बसान हयसर बघायचस, माका वाटायचा, ह्येका सगळा म्हायत आसा. तुज्या नजरेन माका जेवण जायचा नाय."

दत्तारामने हातातला तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षे ज्याच्यावर जळत आलो, तो तिकडे आपल्याच धाकाने उपाशी बसत होता.

शंकरने वरची दोन चित्रे उचलली आणि तिसरे दत्तारामच्या गुडघ्याला टेकवून उभे केले. निळा घोडा. कडा कुरतडल्या होत्या, पण मान तशीच वर आणि पुढचा पाय तसाच उचललेला. दत्तारामचा हात आपोआप चित्राच्या काठावर गेला, आजाने शिकवला होता तसा, अंगठा मागे आणि चार बोटे पुढे.

"आजो म्हणायचो, गळो दत्तूचो," शंकर म्हणाला. "माका रागच यायचो तेचो. आता माजो तर गळोच बसलो. डाक्तर म्हणता, बोला नको जास्त. टेप लावतंय."

"भावजी, म्हणा ना एकदा," सुशीला दारातून म्हणाली. "टेप ऐकान कान किटले."

दत्तारामने गळा साफ केला. पद ओठांवर आले होते. पोथी त्याची झाली होती, देणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिली होती, आणि त्या घरात मिठबावच्या रजिस्टराची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. समितीला सावत्र भावांतला थोरला कोण याच्याशी काही देणेघेणे नव्हते. कागद सरकारदप्तरी गेला की पुन्हा कोण उघडणार?

"दी तो कागद," शंकर म्हणाला. "पोरीचा काम थांबाक नको."

दत्तारामने घडी तशीच ठेवून कागद पुढे केला. शंकरने फडताळावरून पेन घेतले, कागद गुडघ्यावर टेकवला आणि मोकळ्या ओळीवर वाकला. त्याचा चेहरा हलका झाला होता, मोठे ओझे उतरवलेल्या माणसाचा असतो तसा. पेनाचे टोक कागदाला लागणार तोच दत्तारामचा तळवा त्या ओळीवर पडला.

"वाचल्याबिगर सयी करू नको."

"वाचूचा काय त्येच्यात? तुज्यावर विश्वास आसा माजो."

"घडी उलगड आधी."

शंकरने घडी उलगडली, कागद लांब धरला, मग जवळ आणला आणि हसला.

"चष्मो खंय ठेवलंय देव जाणे. तूच वाचून दाखय."

वाचून दाखवायचे म्हटले तर एक ओळ गाळायला कितीसा वेळ लागतो, हे दत्तारामला कळत होते. त्याने स्वतःचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या आणि शंकरच्या हातात दिला.

"माजो लाव. वंशावळीपासून वाच. तारखा बघ."

शंकरने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागला. दत्ताराम चित्राचा काठ धरून बसून होता. चष्म्याविना त्याला समोरचा घोडा नुसता निळा दिसत होता.