उजेड ठरेपर्यंत

रविवार होता, स्टुडिओला सुट्टी होती, आणि डमीबाई सकाळपासून बाहेरच्या खोलीतल्या पाच खुर्च्या पुसत होती. डमीबाई हे नाव तिला सेटवर मिळालेलं. पडद्यावरच्या माणसांसाठी नावं पुष्कळ आहेत: नायिका, खलनायक, चरित्र अभिनेता, नर्तकी, विनोदवीर. गर्दीत नुसतं चालणाऱ्यांनाही ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात, मग ते साठी उलटलेले का असेनात. डमीबाई यांतली कोणीच नव्हती. नायिका मेकअपच्या खोलीत असेपर्यंत तिच्या जागी, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर उभं राहायचं, दिव्यांचा उजेड कसा पाडायचा ते ठरेपर्यंत हलायचं नाही, आणि नायिका आली की कोणी न सांगता बाजूला व्हायचं. बावीस वर्षं हेच. दिव्यांनी कपाळ रापलं होतं, पण पडद्यावर तिचा केससुद्धा कधी दिसला नव्हता.

घरात या कामाला नावच नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बायकोबद्दल कोणी विचारलं की ‘ऑफिसात जाते’ म्हणून मोकळा व्हायचा. नणंदेकडे मात्र शब्द तयार असे. ‘नटी!’ म्हणताना ती असं नाक मुरडायची, जणू घरातली मोरी तुंबलीय. त्याच कामावर डमीबाईची पोर शिकली आणि औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, याबद्दल मात्र तिने कधी चकार शब्द काढला नाही.

आता त्या पोरीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा तिच्याच प्रयोगशाळेतला, तिला मनापासून आवडलेला. त्याचे आईवडील पाच वाजता यायचे होते. त्यांना पाठवलेल्या माहितीच्या कागदावर आईच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं होतं. शिवाय आईची तब्येत बरी नसते, मुलीला आत्यानेच वाढवलं, अशी तोंडी भरही घातली होती. मुलालाही हेच सांगितलेलं. ही सगळी रचना नणंदेची. कागद नवऱ्याने लिहून दिला होता.

“ते आले की तू आतल्या खोलीत पडून राहायचं,” नणंद म्हणाली. “मधूनमधून खोकलीस तरी चालेल. आईच्या जागी मी बसते.”

“आणि लग्नात?”

“लग्नाचं लग्नात बघू. आधी ठरू तर दे! नटीची पोर म्हटल्यावर चांगलं घर दारात तरी उभं राहील का?”

“मी नटी नाही हो, वन्सं. कॅमेऱ्यासमोर मी आजवर एकही वाक्य बोललेली नाही.”

“एकच ते.”

डमीबाईने मुलीकडे पाहिलं. मुलगी इस्त्री करत होती. “आई, एकच दिवस,” ती मान वर न करता म्हणाली. नणंदेची बोलणी आता अंगवळणी पडली होती. हे मात्र फार लागलं.

नणंदेने मग तयारीच सुरू केली. “हिला गोवर कितव्या वर्षी आला होता?”

“चौथ्या. आठ दिवस ताप हटत नव्हता.”

“चौथं वर्ष, आठ दिवस ताप,” नणंदेने पाठ केलं. “आणि लहानपणी घाबरायची कशाला?”

“मिक्सरच्या आवाजाला.”

साडेचारला नणंद कपडे बदलून आली आणि म्हणाली, “तू जरा त्या मधल्या खुर्चीत बस. खिडकीतला उजेड तोंडावर कसा येतो ते बघू दे. उगाच डोळे मिचकावत बसायला नको मला.”

डमीबाई बसली. नवऱ्याने पडदा अर्धा ओढला, मग थोडा मागे घेतला. “हनुवटी वर करू?” तिने सवयीने विचारलं, आणि विचारता विचारता तिच्या मस्तकात तिडीक गेली. स्वतःच्या पोरीच्या आईच्या जागी ती बदली म्हणून बसली होती!

तेवढ्यात बेल वाजली. पाहुणे वीस मिनिटं आधीच आले होते.

“ऊठ, ऊठ लवकर!” नणंद कुजबुजली. डमीबाईचे पाय आपोआप उठायला लागले. बावीस वर्षांची सवय ती. पण तिने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि परत बसली.

“वन्सं, ही खुर्ची माझी आहे.”

“डोकं फिरलंय का तुझं? पोरीचं वाटोळं करशील!”

नवऱ्याने दार उघडलंही होतं. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांकडे तपासणीच्या नजरेने बघणारे. मुलाच्या आईने मधल्या खुर्चीकडे पाहून विचारलं, “आपण?”

“मी हिची आई. सिनेमा-मालिकांत काम करते.”

“अगं बाई! अभिनेत्री?” मुलाच्या आईचे डोळे चमकले.

“नाही. नायिकेच्या जागी उभी राहते, दिवे ठरेपर्यंत.” आणि तिने त्या नायिकेचं नाव सांगितलं.

“तिची एकही मालिका मी चुकवत नाही!”

“मग माझं काम तुम्ही रोज बघता. तिच्या गालावरचा उजेड आधी माझ्या गालावर ठरलेला असतो.”

मुलाची आई हसायला लागली होती. तिच्या नवऱ्याने घसा खाकरला तशी ती सावरून बसली.

“पडद्यावर ते सगळं ठीक आहे हो,” तो म्हणाला. “पण सोयरीक करायची म्हणजे... आम्हाला तर आई आजारी असते असं सांगितलं होतं?” त्याने दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

मुलीने ट्रे खाली ठेवला. “मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “आई ठणठणीत आहे. मला वाढवलंही तिनेच.”

चहा तसाच राहिला. “कळवतो,” म्हणून पाहुणे गेले. “झालं समाधान?” म्हणून नणंदही गेली.

मुलगी आत जाऊन पोटभर रडली आणि तासाभराने सुजल्या डोळ्यांनी बाहेर आली. हातात माहितीचा कागद होता.

“मला तुझा राग आलाय.”

“येऊ दे.”

“त्याचा फोन आला होता. मला खोटं का सांगितलंस, एवढंच विचारलं. उद्या बोलू म्हणाला.” तिने कागद पुढे केला. “यापुढे कुणालाही द्यायचा तर खरा द्यायचा. काय लिहू इथे?”

डमीबाईने पेन स्वतःकडे घेतलं, ‘गृहिणी’ खोडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘सिनेमा-मालिकांत काम करते.’

“हे मागेच लिहायला हवं होतं,” नवरा पुटपुटला.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही.”

आज संध्याकाळी तुम्हीही मालिका लावाल, नायिकेचा चेहरा किती उजळ दिसतोय म्हणाल. तिच्या जागी तासन्‌तास उभी राहिलेली बाई उद्या तुमच्या मुलाची सासू म्हणून समोर बसली, तर चहा प्याल ना?